कुणाकडचे एकोणपन्नास

जूनच्या स्टेटमेंटवरचे एकोणपन्नास रुपये शनिवारी सकाळी आमच्याकडे राहायला आले. बँकेने आदल्या दिवशी कळवलं होतं, म्हणून मी पोहे थोडे जास्तच भिजवले होते.

क्रेडिट कार्ड माझ्या नावावर आहे, आणि त्याचंच दुसरं कार्ड शेवाळ्यांच्या खिशात असतं. शेवाळे म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. दर महिन्याला स्टेटमेंट आलं की किराणा, पेट्रोल आणि औषधं यांच्या गर्दीत एकोणपन्नास रुपये उभे असायचे. नावाच्या जागी 'एमकेएस सर्व्ह' एवढंच. मला वाटायचं, शेवाळ्यांचं काहीतरी असेल. शेवाळ्यांना वाटायचं, माझं काहीतरी असेल. लग्नाच्या पंगतीत एखादा माणूस निवांत जिलेबी खात बसलेला असतो. मुलाकडच्यांना तो मुलीकडचा वाटतो, मुलीकडच्यांना मुलाकडचा, आणि दोन्हीकडचे त्याला आग्रह करून वाढतात. एकोणपन्नास रुपये आमच्या कार्डावर तीन वर्षं तसेच जेवत होते.

आमच्या घरात हे 'कुणाकडचं' प्रकरण जरा जास्तच आहे. भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडचं, म्हणून ते मागे पडतं असं शेवाळे म्हणतात. समई त्यांच्याकडची, म्हणून ती गळते असं मी म्हणते. रक्तदाब माझ्याकडचा, मधुमेह त्यांच्याकडचा. मुलगी हुशार निघाली ती माझ्यावर गेली म्हणून, आणि बंगलोरला जाऊन आठ-आठ दिवस फोन करत नाही ती त्यांच्यावर गेली म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलीचं लग्न झालं, पण अजून एक चमचासुद्धा दोघांचा म्हणून या घरात नाही.

जूनमध्ये मिक्सर जळाला. शेवाळे म्हणाले, "तुझ्याकडचाच होता तो."

मी म्हटलं, "हो, आणि दर महिन्याचे ते एकोणपन्नास? तेही माझ्याकडचेच का?"

शेवाळ्यांनी मिक्सरचं झाकण खाली ठेवलं. "ते तुझे नाहीत?"

"तुमचे नाहीत?"

मिक्सर बाजूला राहिला. मी बँकेला फोन लावला.

पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "किती दिवसांपासून येतायत, मॅम?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मला वाटलं, यांच्याकडचे आहेत."

"बरेच जण असंच सांगतात," ती म्हणाली. "अनोळखी रक्कम शंभराच्या आत असेल तर आम्ही ती ओळखीसाठी घरी पाठवतो. पत्ता सदरबझारचाच ना? वीस तारखेपर्यंत ठेवून घ्या. घरातलं कोणीही 'ओळखलं' असं म्हणालं की तक्रार बंद होते आणि रक्कम कायम होते. नाही पटली, तर वीसला शाखेत घेऊन या. तिथे मात्र ज्याची तक्रार त्यानेच बघायचं."

फोन ठेवला आणि मला एकदम शेवाळ्यांची धास्ती वाटली.

कारण शेवाळे जगात कुणालाही ओळखतात. लग्नाच्या कार्यालयाच्या दारात कुणी हात धरून "ओळखलं का?" म्हटलं, की ते "ओळखलं की! म्हणजे काय!" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारतात, मुलंबाळं कशी आहेत विचारतात, आणि येताना रिक्षात मला म्हणतात, "कोण गं ते?" माझं उलट आहे. मला आठवत नसेल तर मी 'नाही ओळखलं' असं तोंडावर सांगते. त्यापायी माझ्या मावससासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. पेपर तपासतानाही मी अर्ध्या गुणाची दया कुणावर केली नाही. ज्याने कृष्णा पश्चिमेकडे वाहवली, तो शाळेच्या अध्यक्षांचा पुतण्या असला तरी त्याला शून्यच मिळालं.

म्हणून शनिवारी बेल वाजायच्या सुमाराला मी शेवाळ्यांना आंघोळीला पाठवलं आणि बाहेरून कडी घातली.

दारात एकोणपन्नास रुपये उभे होते. मध्यम बांधा, पन्नाशीला टेकायला आलेले, फिकट निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. त्यांनी नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "ओळखलंत का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि चपला काढून आत आले.

पोहे त्यांनी नीट खाल्ले, शेंगदाणे बाजूला काढले नाहीत. तुम्ही कशाचे, असं मी सरळच विचारलं. ते म्हणाले, "ते मलाही सांगितलेलं नाही. सात तारीख आली की मला निघायचं कळतं. तुमच्या कार्डावरून जातो. कशासाठी, ते आमच्यासारख्या लहान रकमांना कुणी सांगत बसत नाही. मोठ्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी निदान ओटीपी तरी येतो."

"आणि वीस तारखेपर्यंत ओळख नाही पटली तर?"

"मग उलटवतात."

"म्हणजे परत जाता. कुठे?"

"उलटवलेली रक्कम कुठे जात नाही, बाई. ती झालीच नव्हती असं धरतात." एवढं बोलून त्यांनी बशीत चहा ओतला.

नियम म्हणून मला ते योग्यच वाटलं. जे आपलं नाही, ते झालंच कशाला? तेवढ्यात बाथरूमच्या दारावर धपधप सुरू झालं. मी आधी कडीच्या बाहेरून शेवाळ्यांना दम भरला. म्हटलं, तोंडातून 'ओळखलं' हा शब्द निघाला तर पुढच्या गाडीने अकोल्याला निघून जाईन, माहेरी. मग कडी काढली. शेवाळे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, पाहुण्यांकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं.

"या," ते शेवटी म्हणाले. "बसा. बसलाच आहात, चांगलं आहे."

पहिले दोन दिवस आम्ही त्यांच्या वळणावरून अंदाज घेतला. साताऱ्याकडचा माणूस चपाती म्हणतो, आमच्या अकोल्याकडचा पोळी म्हणतो, आणि भूक लागली की माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं. मी मुद्दाम ताट अर्धं वाढून थांबले आणि विचारलं, "काय वाढू?"

"जे वाढाल ते," एकोणपन्नास म्हणाले.

मग शेवाळ्यांनी कोरेगावहून कमलआत्यांना आणलं. या शेवाळ्यांच्या सख्ख्या आत्या. आमच्या भागातल्या लग्नांत कुणाची ओळख लागेना की लोक आत्यांना शोधतात. चार प्रश्नांत त्या माणसाला त्याच्या आजोळापर्यंत नेऊन पोचवतात. आत्यांनी पाणी घेतलं, पदर सारखा केला आणि पाहुण्यांना समोर बसवलं.

"मूळ गाव कंचं म्हणायचं?"

"सर्व्हर."

"कुठं आलं हे?"

"नक्की नाही सांगता येणार. हैदराबादच्या अंगाला असावं."

"आडनाव?"

"एमकेएस."

"यमाचं म्हणजे मोकाशी नाहीतर माने," आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "बरं, थोरलं कोण हाय घरात?"

"नव्याण्णव आहेत. पण ते दुसऱ्या कंपनीत असतात."

आत्यांनी बराच वेळ त्यांच्या कपाळाकडे बघितलं. "आमच्यातलं न्हाईत हे," त्यांनी निकाल दिला. "ठेवण बघ की हेमा. तुझ्याकडचंच हाईत."

मला राग आला. मी तिथल्या तिथे अकोल्याला धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाहुण्यांच्या तोंडासमोर धरला. वसंताने चष्मा वर-खाली करून पाहिलं. "आपल्यातले नाहीत ना बाप्पा ताई," तो म्हणाला. "जावईबापूंकडचे असतीन."

एकोणपन्नास दोघांचंही शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी फोन मला परत दिला आणि आत्यांना वाकून नमस्कार केला. आत्यांनी सवयीने कनवटीला हात घातला, पण रकमेच्या हातावर रक्कम ठेवायची कशी, ते त्यांना उमगेना. शेवटी त्यांनी त्यांना एक नारळ दिला.

सोमवारी आम्ही पद्धतशीर कामाला लागलो. जे-जे दर महिन्याला कार्डावरून जातं ते एकेक बंद करायचं आणि पाहुण्यांकडे बघायचं, असं ठरलं. आधी टीव्हीची वाहिन्यांची वर्गणी बंद केली. "काही होतंय का?" शेवाळ्यांनी विचारलं. "नाही हो," पाहुणे म्हणाले. मग पाणी गाळायच्या मशीनची देखभाल, मग गाण्यांचं ॲप, मग माझा ऑनलाइन योगाचा वर्ग. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून बसायचे आणि थोड्या वेळाने ओशाळून डोळे उघडायचे.

त्या भानगडीत भलतंच बाहेर आलं. यादीतल्या नव्याण्णववर माझं बोट आलं तेव्हा शेवाळे खिडकीबाहेर बघायला लागले. ते नव्याण्णव रोजच्या राशीभविष्याचे होते. पाटबंधारे खात्यात धरणाच्या भिंतीचं गणित मांडणारा माणूस सकाळी उठून शुभ रंग बघत होता.

"म्हणून परवा तो पोपटी शर्ट," मी म्हटलं.

"तुझे ते एकोणतीस कसले?" शेवाळ्यांनी उलट विचारलं.

मला सांगावं लागलं. शब्दकोड्यांचं ॲप. त्यात एकोणतीस रुपयांत उत्तर दाखवतात. मी शेवाळ्यांच्या देखत कोडी सोडवायची आणि ते कौतुक करायचे, त्यातली निम्मी उत्तरं विकतची होती.

शेवाळे इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पाहुण्यांनी आणून दिलं.

मंगळवारी मात्र घोटाळा होता होता राहिला. शेवाळे त्यांना सोबत म्हणून मंडईत घेऊन गेले. कोथिंबीर, लिंबं, दोन वांगी असं चाळीस-पंचेचाळीसचं झालं. शेवाळे पाकीट काढेपर्यंत भाजीवाल्या बाईंनी पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हेच द्या की. सुटं देते वरचं." शेवाळ्यांनी त्यांचा दंड धरून अक्षरशः मागे ओढलं. घरी येईपर्यंत पाहुण्यांना घाम फुटला होता. तेव्हापासून त्यांना बाजारात न्यायचंच नाही, असं ठरलं. सोसायटीचा वॉचमन वर्गणी मागायला आला तरी मी त्यांना आतल्या खोलीत बसवायची.

त्याच संध्याकाळी शेवाळ्यांनी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला. आम्हा दोघांनाही पाच-तीन-दोन फार आवडतं. लग्न झाल्यावर सासूबाई तिसऱ्या असायच्या, नंतर मुलगी होती. ती बंगलोरला गेल्यापासून कॅट तसाच पडून होता, कारण या खेळाला तीनच माणसं लागतात, दोघांत होत नाही. शेवाळ्यांनी दुऱ्यांपासून छक्क्यांपर्यंतची पानं बाजूला काढली, सत्त्यांमधल्या दोनच ठेवल्या आणि पिसायला घेतलं.

"पैसे लावून खेळायचं नाही," मी म्हटलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

ते खेळायचे छान, पण पान लपवणं त्यांना जमत नसे. हुकमाचा एक्का हातात आला की त्यांचा हात आपोआप उजव्या कानाच्या पाळीकडे जायचा. मला ते दुसऱ्या डावातच कळलं. शेवाळ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यावर पाच हात करायची पाळी होती, मी "हुकूम बदाम" म्हटलं, समोर हात कानाला गेला, आणि मी एक्का जाईपर्यंत राणी दाबून ठेवली. शेवाळे म्हणाले, "तुझ्याकडचे सगळे असेच लबाड." पाहुणे हसले. ते हसतात हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यानंतर रोज दिवेलागणीनंतर आम्ही तिघं बैठक मारून बसायचो. टीव्हीची वर्गणी बंदच होती, ती पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा खेळता खेळता शेवाळे मला म्हणाले, "हेमा, तू हसताना अजून तशीच दिसतेस." मी म्हटलं, "उतारी तुमची आहे." पण मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

अठरा तारखेला मी पुन्हा बँकेला फोन केला. तीच मुलगी होती. मी विचारलं, "रक्कम उलटवली तर ती झालीच नव्हती असं धरतात ना? मग ती आमच्याकडे राहिली, ते दिवस?"

"तेही धरले जात नाहीत, मॅम."

"म्हणजे त्या दिवसांत घरात जे झालं, ते?"

"रकमेच्या सोबतीने जे झालं ते सगळं उलटतं. तुम्ही काळजी करू नका, तीन वर्षांचे एक हजार सातशे चौसष्ट रुपये पूर्ण परत मिळतील. चहापोह्यांचा खर्च मात्र तुमचाच राहतो."

मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली शेवाळे पाहुण्यांना बुलेट कशी चालू करतात ते दाखवत होते. बुलेट शेजाऱ्यांची होती.

एकोणीसला रात्री डाव कुणाचाच रंगला नाही. शेवाळ्यांनी पानं खाली ठेवली. "हेमा, मी म्हणू का? एकदाच म्हणतो. घरात कोणीही म्हटलं तरी चालतं."

"तुमच्या ओळखीला काय अर्थ आहे?" मी म्हटलं. "तुम्ही विजेच्या खांबालाही ओळखलं म्हणाल."

"मग तू म्हण."

"मी खोटं बोलत नाही. हे कशाचे आहेत ते मला माहीत नाही."

माझा आवाज चढला होता. शेवाळे उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण पाहुण्यांनीच त्यांचा हात धरला.

"नको साहेब," ते म्हणाले. "तसं नको. तसं तर तीन वर्षं मला चालवून घेतलंतच की. बाई विचारणाऱ्या पहिल्याच निघाल्या. त्यांना नाही ओळखू आलो तर नाही."

मग त्यांनी रेक्झिनच्या पिशवीत आत्यांचा नारळ नीट ठेवला आणि चेन लावली. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि मला स्वतःचा रागही आला. कृष्णा नदीच्या बाबतीत मला असा त्रास कधी झाला नव्हता.

वीसला आम्ही तिघं रिक्षाने शाखेत गेलो. बरीच गर्दी होती. एका कोपऱ्यात एकोणनव्वद रुपये आणि त्यांचे मालक एकमेकांकडे पाठ करून बसले होते. एक बाई कार्ड तपासायला म्हणून कापलेले दोन रुपये कडेवर घेऊन फेऱ्या मारत होत्या. ते किरकिर करत होते.

ओळख अधिकारी लोटेकर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पाहुण्यांना आतल्या दाराने नेलं आणि मला नियम समजावून सांगितला. "ओळखपरेड होईल, मॅडम. तुमची रक्कम पाच सारख्या रकमांमध्ये उभी असेल. बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

"आम्ही नाही बोलायचं?"

"रकमांनी नाही बोलायचं. तुम्ही बोला."

पडदा सरकला. भिंतीला लागून पाच एकोणपन्नास रुपये उभे होते. पाचही मध्यम बांध्याचे, पाचांच्याही अंगात फिकट निळे अर्ध्या बाह्यांचे शर्ट. पिशव्या काढून घेतल्या होत्या. मी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गेले आणि परत आले. सगळे तसेच होते. दुसऱ्या नंबरचे तर माझ्याकडे इतक्या आशेने बघत होते की मला त्यांची दया आली. कुणास ठाऊक, कुणाच्या कार्डावर किती वर्षं काढली होती त्यांनी. चौथे एकटक जमिनीकडे बघत होते.

मागून शेवाळ्यांची चुळबुळ ऐकू येत होती. त्यांचं चाललं असतं तर त्यांनी पाचही ओळखले असते.

"वेळ होतेय, मॅडम," लोटेकर म्हणाले. "नसेल पटत तर नाही म्हणा. लगेच उलटवतो. शिक्का तयार आहे."

मी दोन पावलं मागे सरले. वर्गात प्रश्न विचारताना उभी राहायची तशी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "हुकूम बदाम."

चौथ्यांचा हात उजव्या कानाच्या पाळीकडे गेला.

मला एकदम भरून आलं. हे कशाचे, ते मला अजूनही माहीत नव्हतं. पण यांना बाराखडीसारखं ओळखत होते मी. पोहे कसे खातात, पान कसं टाकतात, शेवाळ्यांना हसू कसं आणतात, सगळं. यात खोटं काहीच नव्हतं.

"ओळखलं," मी म्हटलं.

बोलल्यावर मला माझाच आवाज नवीन वाटला. शेवाळे मागून पुटपुटले, "म्हणजे काय!"

लोटेकरांनी शिक्का बाजूला ठेवला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पण साहेब, हे कशाचे ते मला सांगता येणार नाही."

"ते आम्ही विचारत नाही, मॅडम," ते म्हणाले. "ते विचारायला लागलो तर शाखेत एक रक्कम उभी राहणार नाही." त्यांनी संगणकावर काहीतरी उघडलं. "फक्त एवढं सांगा, यांना कुणाकडचे म्हणून लावू? पतीकडचे की पत्नीकडचे?"

मी शेवाळ्यांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर येऊन ठेपलं होतं, 'तुझ्याकडचे.' माझ्याही तोंडावर तेच होतं. समोर एकोणपन्नास रुपये कानाची पाळी धरून अजून तसेच उभे होते.

"आमच्याकडचे," मी म्हटलं.

"तसा पर्याय नाही, मॅडम."

"नसेल तर दोन्हींच्या मधे कुठेतरी लिहा."

लोटेकरांनी माझ्याकडे बघितलं, शेवाळ्यांकडे बघितलं आणि दोन्हींच्या मधे कुठेतरी लिहिलं. येताना रिक्षावाल्याने तिघांचे साठ सांगितले. शेवाळ्यांनी पाहुण्यांना आधी उतरवून जिन्यात पाठवलं आणि मग पाकीट काढलं.

आता एकोणपन्नास रुपये आमच्याकडेच असतात. सात तारखेला सकाळी निघतात, कार्डावरून जाऊन येतात, आणि दुपारच्या चहाला परत हजर असतात. कशाचे, ते त्यांना अजून कळलेलं नाही. पण हल्ली ते विचारतही नाहीत. मिक्सर दुरुस्त झाला. तो कुणाकडचा, ते त्या दिवशी कुणी काढलं नाही.

जुलैच्या स्टेटमेंटमध्ये त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात आठ रुपये ब्याऐंशी पैसे होते. मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. ते आधी कधी नव्हते. मी बँकेला फोन करावा म्हणून उठले, आणि बेल वाजली. शेवाळे दाराजवळच होते.

बाहेर एक अगदी लहान चणीच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "मी जीएसटी. ओळखलंत का?"

मी "अहो!" म्हणून ओरडेपर्यंत उशीर झाला होता.

"ओळखलं की!" शेवाळे म्हणाले. "म्हणजे काय! या, आत या. चपला आत घ्या, बाहेर ठेवल्या तर कुत्रं नेतं."

एकोणपन्नास रुपये आतून लगबगीने आले आणि बाईंची पिशवी उचलून त्यांनी कोपऱ्यात ठेवली. दोघांची काहीतरी ओळख असावी. मी कपाळाला हात लावला, पोहे भिजवले आणि संध्याकाळी कॅट काढला. चौघांत पाच-तीन-दोन होत नाही, मेंढीकोट खेळावं लागतं, आणि त्याला पूर्ण कॅट लागतो. म्हणून इतकी वर्षं बाजूला ठेवत आलो होतो त्या दुऱ्या, तिऱ्या, चौऱ्या सगळ्या शोधून परत पानांत घातल्या.

मेंढीकोटात समोरासमोर बसणारे एका बाजूचे असतात. मी उठून शेवाळ्यांच्या समोर जाऊन बसले.